यादीत राहून गेलेला माउथ ऑर्गन

कॅन्ससमधल्या एका लहानशा गावात एल्डा उनरू घरालगतच्या खोलीत बायकांचे केस कापून द्यायची. नवरा मर्ल दोन वर्षं कर्करोगाशी झुंजून गेला. मागे राहिली दवाखान्याची एकसष्ट हजार डॉलरची बिलं. एल्डा मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेली. देणं बुडवणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच. आठ महिने तिने ब्र काढला नाही. शेवटी मर्लच्या बहिणीने, लोइसने, न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा पाहिला आणि तिला दंडाला धरून वकीलबाईंकडे नेलं.

"तुमची कमाई राज्याच्या मध्यम मिळकतीहून कमी आहे, तेव्हा दिवाळखोरीचा अर्ज करून या बिलांतून सुटता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "घर, जुनी गाडी, केस कापायची खुर्ची, कात्र्या, सगळं तुमचंच राहील. अर्जाचे तीनशे सहा डॉलरही माफ होतील."

"माफी नको. हप्त्याने भरीन." मग मान खाली घालून तिने विचारलं, "दफनभूमीत मर्लशेजारी माझी जागा घेऊन ठेवलीय. ती नेतील का हो?"

"तिला कुणी हात लावू शकत नाही. तसा कायदाच आहे."

एल्डाला रुमाल सापडेना. लोइसने आपला दिला.

महिन्याभराने विचिटा शहरात अर्जाची चौकशी झाली. न्यायालयाने नेमलेल्या गृहस्थांनी शपथ देऊन विचारलं, "मालमत्तेच्या यादीत सगळं आलंय?"

"नाही," एल्डा म्हणाली. वकीलबाई दचकल्या. "मर्लचा माउथ ऑर्गन राहिला. दवाखान्यात वाजवायचा तो."

"किंमत?"

"वीसेक डॉलर येतील."

गृहस्थांनी चष्मा काढला. "यादीत लिहून टाका. आणि जपून ठेवा, बाई."

पाच मिनिटांत सगळं आटोपलं. दवाखान्याकडून पैसे मागायला कुणी आलंच नव्हतं.

गाडीत बसल्यावर लोइस म्हणाली, "आमचं बियाण्याचं दुकान बुडालं ना, तेव्हा मीही आत त्याच खुर्चीत बसले होते."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस गं?"

एल्डाला हसू फुटलं. मर्ल गेल्यापासूनचं पहिलंच. हसता हसता ती रडायलाच लागली, तेव्हा लोइसने गाडी सुरू न करता तिला जवळ घेतलं.

ऑक्टोबरात न्यायालयाकडून कर्जमुक्तीचा कागद आला. पुढच्या रविवारी चर्चमधल्या जेवणाला एल्डा कोबी-खिम्याचे पाव घेऊन गेली आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच सगळं सांगून मोकळी झाली. जेवणानंतर एक तरुण विधवा हळूच तिच्याजवळ आली.

"मावशी, त्या वकीलबाईंचा पत्ता द्याल?"

"पत्ता कशाला? मंगळवारी मीच नेते तुला," एल्डा म्हणाली.