राजमतीनं बोअर मारला नाही

"आक्का, अजून एक साइज मोठा बोअर मार म्हणतोय न्हवं!"

"न्हाय मारत."

"अगं, बोअरिंगचं दुकान हाय का देऊळ? गिऱ्हाईक आलंय, काम कर."

"गिऱ्हाईक न्हाय, माझा भाऊ आलाय. म्हणूनच न्हाय म्हणते. जा, दुसरीकडनं मारून आण."

निपाणीत हायवेला लागून असलेली ही पत्र्याची शेड राजमतीच्या बापाची, पारिसाआप्पांची. इंजिनाच्या ब्लॉकमधली झिजलेली सिलिंडरं आतून जराशी कापून मोठी, पुन्हा गोल गुळगुळीत करायची, म्हणजे बोअर मारायचा, हा धंदा. राजमती लग्न मोडून माहेरी आली तेव्हा गल्ली म्हणाली, "बिड्या वळायला बस." ती मशिनीवर जाऊन बसली. "बाईनं बोअर मारलेली गाडी घाट चढंल व्हय?" असं लोक आप्पांना विचारत. आप्पा म्हणत, "न्हाय चढली तर बाईलाच विचारा, मला कशाला?"

आप्पा गेले आणि धाकट्या भावाला, जिनेंद्राला, मशीन खुपायला लागली. ती भंगारात घालून गाड्यांच्या सजावटीचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. घाटापलीकडं कंग्राळीला चिखलात गाड्यांची शर्यत होती, तिच्यावरून पैज लागली. दोघांनी आपापल्या गाडीला टर्बो बसवायचा. अट राजमतीची. निपाणीतनं आपल्या चाकावर जायचं, पळायचं, आपल्या चाकावरच परत यायचं.

"शर्यत हाय का स्तवनिधीची जत्रा?" जिनेंद्र हसला.

"भ्यालास?"

"मी? तुझी गाडी थांबली तर मशीन भंगारात."

"आन तुझी थांबली तर परत मशिनीचं नाव काढायचं न्हाय."

जिनेंद्राचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, एकट्यानं उचलता येईल असा हलका. राजमतीचा लोखंडी धोंडा शेडीमागं पडून होता. नवं ओतीव लोखंड ऊनपावसात मुरू द्यायचं, मग कापायचं, ही आप्पांची रीत. हा तर वर्षानुवर्षं मुरलेला. तिनं त्यावर हातोडीनं टिचकी मारली. टण्ण! तडा असता तर बद्द वाजला असता.

"ॲल्युमिनियम वाईट न्हाय रं," ती म्हणाली. "टर्बोसाठीच ओतलेला ब्लॉक आण, मी त्याच्या पाया पडते. पण ह्यो बघ. सिलिंडरं वर मोकळी, भोवती नुसतं पाणी, आधार कशाचाच न्हाय. माझ्या ब्लॉकला वर झाकणासारखी जाड पाटी हाय, पाण्याला नुसती भोकं. टर्बो आत हवा कोंबतोय, स्फोटाचा दणका वाढतोय. त्यात बोअर मारून भिंती आणि पातळ करू? फुगा हाय का इंजिन?"

"जड नाक घेऊन चिखलात रुतशील, आक्का!"

"रुतंन. फुटणार न्हाय."

जिनेंद्रानं दुसऱ्या दुकानातनं बोअर मारून आणला. राजमतीनं स्वतःच्या ब्लॉकलाही मारला नाही. आतून नुसती घासणी केली, मूळ मापाचेच पिस्टन घातले.

कंग्राळीच्या शेतात गर्दी दणदणत होती. पहिल्या फेरीत जिनेंद्राची गाडी वाऱ्यासारखी सुटली. राजमतीच्या गाडीचं जड नाक खरंच चिखलात बसलं. बांधावरनं आरोळी आली, "आक्का, म्हस लोळाय आणलीस व्हय?"

"दूध प्यायला थांब, बाबा!" राजमतीनं खिडकीतनं उत्तर दिलं आणि गाडी मागंपुढं हलवत, गुरगुरवत बाहेर काढली. शेवटून पहिली आली.

दुसऱ्या फेरीत जिनेंद्राच्या सायलेन्सरमधनं पांढरा धूर निघाला. टर्बोच्या दणक्यानं सिलिंडर हललं होतं, वरच्या सांध्याचं गॅस्केट फुटलं होतं, पाणी आत उतरलं होतं. गाडी शेताच्या मधोमध गप्प झाली.

बक्षीस तिसऱ्याच कुणीतरी नेलं. राजमतीनं आपली गाडी मागं घेत जिनेंद्राच्या पुढ्यात लावली, लोखंडी दांडी काढली आणि दोन्ही गाड्या जोडल्या.

"टेम्पो बोलावतो मी," तो पुटपुटला.

"कशाला? ह्या धोंड्याला वढू दे की. स्टेअरिंग धर, ब्रेक सांभाळ."

तवंदीचा घाट उतरून चिखलानं माखलेली जोडगाडी निपाणीत शिरली. शेडीपाशी जिनेंद्र खाली उतरला. बराच वेळ बुटांचा चिखल झाडत राहिला.

"शर्यत तू हरलीस, आक्का. एवढं ध्यानात ठेव."

"ठेवते की. हरून घरी आले चालत्या गाडीनं." तिनं शेडीचं दार सताड उघडलं. "चल, तुझी गाडी आत घे. मशिनीला तेल घालायचंय, मग बघू."

जिनेंद्रानं मशिनीचं नाव काढलं नाही. तेलाचा डबा मात्र शोधायला लागला.