पेज कोणी नेली होती

हे मी लिहायचं टाळत आलो. बायकोला अर्धं सांगितलं होतं, तेही माझ्या सोयीचं अर्धं. आता ती नाही, पार्टनरही नाही, आणि मला सकाळची गोळी घेतली की नाही हेसुद्धा आठवत नाही. म्हणून जे नक्की माहीत आहे ते आणि ज्याबद्दल अजून गोंधळ आहे ते, दोन्ही लिहून ठेवतो.

पार्टनर म्हणजे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर. पुण्यात चार वर्षं आम्ही चौदा नंबरच्या खोलीत काढली. आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा एक जण टायफॉइडने पडला. घर लांब, खानदेशात. पार्टनर रोज स्टोव्हवर भाताची पेज करायचा आणि खाली नेऊन, तापाच्या ग्लानीत समोर कोण आहे हेही न कळणाऱ्या त्याला पाजायचा. त्याच्या ड्रॉइंगच्या शीट्सही पार्टनरनेच पुऱ्या केल्या, नाहीतर त्याची टर्म गेली असती. मी काय करत होतो? "तुझी सबमिशन्स कोण करणार, तुझा काका?" असं पार्टनरला ऐकवत होतो. एक दिवस पार्टनरची तोंडी परीक्षा होती, म्हणून कुरकुरत मी पेज घेऊन गेलो. नेमका त्याच दिवशी ताप उतरला. त्याने डोळे उघडले तेव्हा समोर मी उभा.

मग घरचे येऊन त्याला खानदेशात घेऊन गेले, आणि तो माझ्या डोक्यातून गेला.

पंचवीसेक वर्षांनी, नव्वदच्या दशकात, कंपनीने मला टोकियोला पाठवलं. आमच्या हॉस्टेलची एक रीत होती. कोणी परदेशी निघाला की निरोप त्याच्या आधी पोचायचा, आणि तिथे असलेला हॉस्टेलवाला त्याला उतरवून घ्यायचा. आभार मानले तर तो म्हणायचा, "माझं राहू दे, पुढच्याचं कर." टोकियोतल्या निशी-कसाई भागात मी घर शोधत होतो आणि दलाल जपानी हमीदार मागत होता. माझ्या ओळखीचा जपानी माणूस म्हणजे ऑफिसातला एकच, आणि तो माझ्याशी मान लववण्यापलीकडे काही बोलत नव्हता. अशात उत्तरेकडच्या सेंदाई शहरातून एक जण शिंकानसेन या बुलेट ट्रेनने थेट दलालाच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. एका हातात राइस कुकर, दुसऱ्या हातात त्याच्या जपानी प्रोफेसरांनी हमीदार म्हणून शिक्का मारून दिलेले कागद.

"ओळखलंत का, सर? मी टायफॉइडवाला."

तो आता सेंदाईच्या विद्यापीठात शिकवत होता, रसायनशास्त्राची स्वतःची लॅब होती.

"तुम्ही पंधरा दिवस पेज पाजलीत, सर. माझ्या शीट्स काढल्यात. आई अजून विचारते, चौदा नंबरवाले कसे आहेत?"

मी तोंड उघडलं. दलालाने कागद माझ्यासमोर सरकवले. मी म्हणालो, "अरे, त्यात काय!" हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्या क्षणी मलाच कळेना. हातातल्या गरम भांड्याचा चटका मला आठवत होता. पायऱ्या उतरलेल्या आठवत होत्या. मग मीच असेन का? पुढच्या भेटीत सांगू, असं ठरवून सही केली.

पुढच्या भेटी पुष्कळ झाल्या. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे माझ्या बायकोला त्याने शिकवलं. तिची दाढ दुखली तेव्हा दुभाष्या म्हणून तो सेंदाईहून आला. प्रत्येक वेळी "सर, सर". आणि दरवेळी सांगणं थोडं अवघड झालं. दोनेक वर्षांत तर मला त्या ड्रॉइंगच्या शीट्सही आठवायला लागल्या, मी न काढलेल्या.

मग पार्टनर आला. त्याच्या कंपनीने त्याला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, आणि तो उतरला आमच्याकडेच. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "आमच्या कन्येला रसायनशास्त्रात संशोधन करायचंय. सेंदाईचा तो आपल्या हॉस्टेलचाच ना? तू शब्द टाक. मला तो कशाला ओळखेल?"

'मला तो कशाला ओळखेल.' याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही. विसरला होता का? की आपण केलेल्याची आठवण देऊन काही मागणं त्याला जमत नव्हतं?

त्या रविवारी दुपारी टोकियोजवळच्या ग्योतोकुला एका हॉलमध्ये आम्ही हॉस्टेलवाले जमलो. सात-आठ जण, सगळ्यांची पोटं सुटलेली. बायकांनी पोहे केले होते, पोरं कोपऱ्यात जपानीत भांडत होती. सेंदाईवाला उभा राहिला आणि त्याने पेजेची सगळी गोष्ट सांगितली, माझ्याकडे हात करून. टाळ्या झाल्या. पार्टनर माझ्या शेजारीच होता, मांडीवर पोह्यांची बशी.

"पेज? आणि हा?" पार्टनर म्हणाला. "याला साधा चहा जमत नव्हता हो!"

सगळे हसले. मीही हसलो.

"थट्टा नाही, फार छान असायची," सेंदाईवाला म्हणाला. "मीठ अगदी बरोबर. तुम्ही सरांच्याच खोलीत होता ना? मग तुम्ही तर रोज बघितलं असेल!"

"बघितलं की." पार्टनर बशीकडे बघत म्हणाला. "मीठ बरोबर असायचं खरं."

एवढंच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नव्हता असं मला वाटतं. मी बाजूलाच होतो, पण नीट बघायचं धैर्य मला झालं नाही.

निघताना सेंदाईवाल्याने मला बाजूला घेतलं. "सर, एप्रिलपासून लॅबमध्ये एक जागा आहे. तुमच्या माहितीत कोणी असेल तर सांगा, तुम्ही म्हणाल त्याला घेतो." पार्टनर पाच पावलांवर बूट घालत होता. नुसतं बोट दाखवायचं होतं. पण मुलगी सेंदाईला जाणार, वडील कोण विचारलं जाणार, खोली, टायफॉइड, आणि एक दिवस सगळं उघडं पडणार, हे माझ्या डोक्यात भराभर जुळत गेलं. मी म्हणालो, "सध्या तरी कोणी नाही."

तोझाई लाइनच्या प्लॅटफॉर्मवर पार्टनरने विचारलं, "बोललास का रे?"

"बोललो. जागा नाही म्हणाला."

"बरं," तो म्हणाला. मग गाडी येताना दिसली तेव्हा, "असू दे, तू विचारलंस ना." गाडीत बसल्यावर त्याने माझ्या बायकोला पोह्यांत कोथिंबीर कमी होती यावरून छेडलं.

मुलगी पुढे शाळेत शिकवायला लागली. विद्यार्थ्यांची लाडकी आहे म्हणतात. म्हणजे तिचं नुकसान झालं का? असं कधी वाटतं, कधी नाही. पण तिला निवडायला मिळालं नाही, एवढं नक्की. आणि सेंदाईवाल्याने आयुष्यभर ज्याचे उपकार फेडायचा प्रयत्न केला, तो त्याच्यासमोर बशी घेऊन बसला होता. त्या दोघांत मी उभा होतो.

भारतात परतल्यावर वर्षानुवर्षं पार्टनरच्या घरी जाणं-येणं होतं. शेवटी तो अंथरुणाला खिळला. मी तीनदा वाक्य तयार करून गेलो. तिसऱ्या वेळी मुलीने चहा दिला आणि ती आत गेली. खोलीत आम्ही दोघंच.

"सेंदाईचा तो बरा आहे ना?" त्याने विचारलं.

"बरा आहे. रिटायर झाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत होता का? की औषधाची गुंगी होती? मी त्याची चादर सारखी केली आणि पावसापाण्याचं काहीतरी बोललो. आठवड्याने तो गेला.

वाक्य असं होतं: पार्टनर, जागा होती. मी विचारलंच नाही. तुझं केलेलं मी माझ्या नावावर घेतलं आणि ते झाकायला तुझ्या मुलीची वाट अडवली. माझं चुकलं रे.