वळणावरचा नमस्कार

ती घटना मनातून गेलेली नाही. परवा पुतणीमुळे ती पुन्हा सांगावी लागली. पुतणी मशीन लर्निंगचं काम करते. फोन बघणारे, मागे वळून बोलणारे ड्रायव्हर, असे असंख्य फोटो दाखवून लक्ष हटलेला ड्रायव्हर ओळखायला संगणकाला शिकवते. "काका, आणखी कशानं लक्ष हटतं हो?" असं तिनं विचारलं.

नव्वदच्या दशकात मी जोयड्यात फौजदार होतो. गणेशगुडीजवळच्या एका वळणावर खासगी बसनं नंदिगड्ड्याच्या एका शेतकऱ्याला उडवलं. त्याचा पाय मोडला. माणूस पिऊन आडवा आला, असा ड्रायव्हरचा जबाब. दोन दिवसांत तेच गावोगाव झालं. मग त्या शेतकऱ्याची बायको ठाण्यात आली.

"साहेब, आमचं माणूस थेंब शिवत न्हाई. डायव्हर म्होरं बघतच नव्हता, असं त्ये सोता म्हणत्यात. दारुड्याची पोरगी नको म्हणून पोरीची सोयरीक मोडाय लागलीया."

मोटार निरीक्षकांनी बसचे ब्रेक ठीक ठरवले होते, पण रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूण नव्हती. बस भरलेली, तरी साक्षीदार एकही नाही! त्या वळणावर देवीची घुमटी आहे; आम्ही डोळे मिटून हात जोडले होते, असं जो तो ओशाळून सांगे. खोटं बोलणारा असा ओशाळत नाही. मग म्हटलं, अरे, सगळी बस हात जोडते तेव्हा ड्रायव्हर काय करतो? साध्या कपड्यांत त्याच मार्गाच्या दुसऱ्या बसमध्ये पुढे बसलो. घुमटी आली आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात कपाळाला लावले. 

अपघात करणाऱ्या ड्रायव्हरला बोलावलं. दरडावलं नाही, चहा दिला. "त्या दिवशी देवीला हात जोडलेस की नाही?" एवढंच विचारलं. देवीच्या बाबतीत नाही म्हणणं त्याला जमेना. तो रडू लागला.

"जोडले साहेब. डोळं मिटलं व्हतं. दारूचं मी पदरचं सांगितलं."

गुन्हा दाखल केला. त्याला इलाज नव्हता. पण त्याची कीवही आली. लक्ष हटवणारी गोष्ट वाईटच असते असं नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुतणीला म्हटलं, हात जोडलेल्या ड्रायव्हरचेही फोटो घाल.

जामिनावर सुटताच तो ड्रायव्हर आपणहून रामनगरला, त्या शेतकऱ्याच्या मुलीच्या ठरलेल्या सासरी गेला. मला हे नंतर मुलाच्या बापानं सांगितलं. उंबऱ्याबाहेरच उभा राहून तो म्हणाला, "त्यो माणूस पिलेला नव्हता. खोटं मी बोललो. पोरीला टाकू नगासा." मुलाच्या बापानं त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख धरायला नंदिगड्ड्याला गेला.