हाताने बघायचा नकाशा

भालेराव सरांनी नकाशावर दोन्ही पंजे टेकवले आणि माझं पाच महिन्यांचं काम एकदम कोकलायला लागलं. जळगावच्या सराफ बाजारातली हातोडी, फैजपूरला ट्रकमध्ये केळीचे घड भरणाऱ्या हमालांची हाक, पद्मालयाच्या देवळातली घंटा, तापीचं पाणी, सगळं एकाच वेळी. खालचे रंगीत दिवे लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकले. सरांनी हात उचलले. हॉल शांत झाला.

"मॅडम, हे असंच आहे का?" त्यांनी विचारलं.

असं नव्हतं. निदान जळगाव एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये तरी नव्हतं. आणि परवा सकाळी अकराला उद्घाटन होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर. माझा रोजचा धंदा शेतीपंपांचे कंट्रोलर बनवण्याचा. ठरल्या वेळी मोटर चालू करायची, विहिरीतलं पाणी संपलं की बंद करायची, एवढं करणारी पेटी. धुळ्याच्या एका अंध विद्यालयाने मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. खानदेशचा मोठा लाकडी नकाशा करायचा. सातपुडा हाताला खडबडीत लागावा, तापीची खाच बोटाला कळावी. चोवीस गावांच्या जागी पितळी चकत्या. चकतीला हात लागला की त्या गावचा आवाज वाजणार आणि तिथला दिवा पेटणार.

अंध शाळेत दिवे कशाला, हे मीही पहिल्याच भेटीत विचारलं होतं. भालेराव सर तिथे भूगोल शिकवतात. ते स्वतः जन्मापासून पूर्ण अंध. ते म्हणाले, "आमच्या बऱ्याच मुलांना उजेड कळतो, भडक रंग कळतात. अंधार सगळ्यांचा सारखा नसतो."

रंग आणि आवाज त्यांच्याशी बोलूनच ठरवले. असोदा तेवढं वशिल्याने आलं, कारण ते माझं माहेर. तिथला आवाज म्हणून बडगी नावाच्या लाकडी भांड्यात वांग्याचं भरीत ठेचतानाचा ठकठक आवाज घेतला.

चकत्यांसाठी मी टच सेन्सर वापरले होते. मोबाइलच्या स्क्रीनवर चालतं तेच तंत्र. आपल्या शरीरात थोडा विद्युतभार साठतो. बोट धातूला लागलं की त्यात बारीक फरक पडतो आणि चिपला तो कळतो. दाबायची गरज नाही, झिजायला बटण नाही. वर्कशॉपमधल्या आम्ही पाच जणांनी दोन आठवडे टेस्टिंग केलं होतं. एकदाही चूक झाली नव्हती.

"तुम्ही टेस्टिंग कसं केलं?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक चकतीला बोट लावून."

"बोट तुम्ही लावता, मॅडम. आम्ही हात लावतो." ते नकाशाच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. "आधी पूर्ण हात फिरवायचा. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मध्ये काय उंच, काय खोल. मग बारकाईने बघायचं. तुम्ही नव्या खोलीत शिरलात की आधी सगळीकडे नजर टाकता ना? की डोळे मिटून आत येता आणि एकाच खुर्चीकडे बघता?"

मला एक गोष्ट आठवली आणि कान गरम झाले. दुसऱ्या भेटीत मी एका चकतीचा नमुना घेऊन आले होते. तेव्हा मीच सरांचं बोट धरून त्यावर ठेवलं होतं. आवाज वाजला, ते हसले आणि मी काम पसंत पडलं म्हणून खुशीत जळगावला परतले होते.

संस्थेचे अध्यक्ष नाना बाजूलाच उभे होते. निवृत्त वकील, शाळेसाठी जीव टाकणारा माणूस. पाहुण्यांची यादी त्यांच्या हातात होती.

"त्यात काय एवढं? मुलांना सांगू, एकच बोट लावायचं," ते म्हणाले.

"नाना, मग तो नकाशा राहत नाही," सर शांतपणे म्हणाले. "टीव्हीचा रिमोट होतो. मला त्याच्यावर भूगोल शिकवता येणार नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, परवा चालेल की नाही, तेवढं सांगा."

"चालेल," मी म्हणाले. कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चोवीसही सेन्सर बरोबर काम करत होते. चूक होती ती कोणता स्पर्श ओळखायचा या नियमात. हार्डवेअर ठीक असेल तर मी घाबरत नाही.

लॅपटॉप उघडून तिथेच बसले. पहिला उपाय सोपा होता. एका वेळी एकच आवाज वाजू द्यायचा. पाच मिनिटांत फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, बदलला. सरांनी हात फिरवला. जळगाव सुरू होऊन तुटलं, असोदा सुरू होऊन तुटलं, त्या दोन चकत्यांत अंतरच दोन इंचांचं.

"रेडिओचा काटा फिरवल्यासारखं वाटतंय," सर म्हणाले.

दुसरा उपाय. दोन सेकंद हात ठेवला तरच वाजायचं. पण वाचणारा हात घाईत नसतो. तो दोन काय, दहा सेकंद एका जागी थांबतो. पुन्हा कोकलणं सुरू.

तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो खिशातून काढला, स्क्रीनवर बोट फिरवलं. मोबाइल बोटाखालच्या बटणांची नावं भराभर बोलत गेला. हव्या त्या जागी त्यांनी दोनदा टिचकी मारली, दोन वाक्यं बोलले आणि फोन ठेवला.

"सर, हे परत करून दाखवा," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता मोबाइलवर केलंत ते."

त्यांना हसू आलं. "अंधांसाठीची सोय आहे ती. नुसतं चाचपलं तर काही उघडत नाही. दोनदा टिचकी मारली की उघडतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ऐकून माहीत होतं. ते आपल्या कामाचं आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्रीचा मुक्काम धुळ्यात मावसबहिणीकडे केला आणि सकाळी आठला पुन्हा हॉलमध्ये हजर झाले. नवा नियम असा. हात कितीही टेकवा, नकाशा गप्प राहील. एकाच चकतीवर पटकन दोन टिचक्या आल्या तरच आवाज आणि दिवा. बाकीची बोटं इतर चकत्यांवर टेकलेली असली तरी हरकत नाही.

चाललं. दहा मिनिटं झकास चाललं. मग नकाशा बहिरा झाला. सर टिचक्या मारतात आणि काही होत नाही.

कारण सापडायला तास गेला. या चिपला एक सवय असते. हात बराच वेळ टेकलेला राहिला की ती त्याला धरूनच चालते, जसा घरातला पंख्याचा आवाज आपल्याला थोड्या वेळाने ऐकू येत नाही. मग त्याच चकतीवर कितीही टिचक्या मारा, ती दखलच घेत नाही. चिपची ही सवय सेटिंगमधून बंद करता येते. केली.

दुपारी लॅपटॉप काढून नकाशा पहिल्यांदाच हॉलच्या प्लगवर लावला; तोवर तो बॅटरीवर नाहीतर लॅपटॉपवरच चालला होता. कोणी हात लावला नव्हता, तरी अमळनेर वाजलं. मग एरंडोल. मग पुन्हा अमळनेर.

नाना दारातच होते. "आता हे काय?"

"हे माझ्या धंद्यातलं आहे, नाना. तुमच्या वायरमनला बोलवा."

शाळेचे वायरमन साहेबराव आले. मी त्यांना अर्थिंग दाखवायला सांगितलं. अर्थिंग म्हणजे इमारतीतून जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत गेलेली तार. अडॅप्टरमधून येणारा बारीक विजेचा गोंगाट त्या वाटेने जमिनीत जातो. वाट बंद असेल तर तो चकत्यांवर येतो आणि चिपला टिचकी वाटतो. शेतावरच्या पॅनलमध्ये ही भानगड मी शंभरदा पाहिली आहे.

साहेबरावांनी इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं. "ताई, अर्थिंग शे, पन खड्डा बठ्ठा सुकाई जायेल शे."

खड्डा पार कोरडा पडला होता आणि तारेचा नटही गंजला होता. साहेबरावांनी तो बदलला, खड्ड्यात मीठ आणि सात-आठ बादल्या पाणी घातलं. अर्धा तास थांबून प्लग लावला. नकाशा गप्प. मी चहा मागवला.

जाताना नानांना स्पष्ट सांगितलं, "एक बोट लावून काही होणार नाही."

"मग पाहुणे काय करतील?"

"शिकतील."

उद्घाटनाला मुख्य पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आले होते. फीत कापली, टाळ्या झाल्या. त्यांनी एक बोट पुढे करून धुळ्यावर ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही. नाना खाकरले. इतक्या लोकांसमोर माझं मशीन मुकं राहिलं आणि मी निवांत उभी, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

भालेराव सर पुढे आले. "साहेब, पूर्ण हात टेकवा. डोळे मिटलेत तरी चालेल. वर खडबडीत लागतंय? सातपुडा. आता खाली या. खाच लागली? तापी. तिच्या खाली, चकती सापडली? तिच्यावर दोनदा टिचकी मारा."

पद्मालयाची घंटा वाजली आणि एरंडोलचा पिवळा दिवा लागला. प्राचार्यांनी डोळे उघडले नाहीत. ते पुढची चकती शोधायला लागले. नानांना त्यांना हळूच बाजूला घ्यावं लागलं.

मग मुलं आली. सोळा-सतरा हात एकदम नकाशावर, आणि एकही आवाज नाही. फक्त लाकडावरून बोटं घासल्याची सरसर. ती मी तासभर ऐकली असती. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या सहावीतल्या एका मुलीला धुळं सापडलं. तिथून एक हात न हलवता दुसऱ्या हाताने तिने फैजपूर शोधलं. ते तिचं गाव. दोन टिचक्या मारून तिने हमालांची हाक पूर्ण ऐकली. मग मधल्या खाचेवर तिचं बोट थांबलं.

"सर, म्हणजे मी घरी जाताना तापी ओलांडते?"

"दर सुट्टीला," सर म्हणाले.

तिने पुन्हा धुळ्यापासून सुरुवात केली.

नकाशा अजून चालू आहे. साहेबराव दर महिन्याला खड्ड्यात पाणी घालतात. त्या नकाशाचा धडा मी आता पंपांच्या कामातही वापरते. वस्तू जो वापरणार आहे, त्याला ड्रॉइंग काढायच्या दिवशीच बोलवावं. नाही बोलावलं तरी तो येतोच, फक्त उद्घाटनाच्या दोन दिवस आधी.