सहा महिन्यांची परवानगी

वेडेपणा आधीच कबूल करते. मी एकदा अमेरिकेच्या सरकारला एक माणूस जामीन दिला होता. तीही दुसऱ्याच्या घरची सून, आणि तिला न विचारता.

आमच्याकडे वाळवणाच्या पथारीवर मिरची साठते ना, तसे मुरलीधरच्या परवानगीचे किस्से साठत गेले. लांबून लालचुटुक दिसतात. ढीग हलवला की डोळ्यांत जातं.

मुरलीधर म्हणजे तापीकाठच्या आमच्या गावच्या सरपंचांचा, आप्पांचा मुलगा. साठ सालानंतरची गोष्ट. म्हसावदच्या कमलशी लग्न लावलं आणि तीन महिन्यांत गडी इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाला अमेरिकेला. मी हायस्कुलात इंग्रजीची बाई, त्यामुळे तिकडून आलेला प्रत्येक छापील कागद माझ्या ओट्यावर.

*

दोन वर्षांनी डिग्री झाली. पाठोपाठ एका सरकारी कागदाची नक्कल आली. मी चष्मा पुसून वाचली. शिक्षण संपलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सहा महिने काम करायला परवानगी.

"आप्पा, नोकरी लागली!" मी जाहीर करून टाकलं. गावभर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पंधरा दिवसांनी मुरलीधरचं पत्र. परवानगी आहे, नोकरी शोधतोय, अजून कुणी उभं करत नाही.

आप्पांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, नोकरी नाही तर परवानगी कशाची? मी म्हटलं, नोकरी मागायची.

"मांगानी बी परवानगी लागस?" आप्पा म्हणाले. "मंग आपला गावना भिकारी सुखी शे, बाई."

*

पुढे त्याला एका कंपनीत नळांचे नकाशे काढायचं काम मिळालं. फोटो आला. ओव्हरकोट, मागे मोटार. मोटार कुणाची ते लिहिलं नव्हतं.

आप्पांना एकच शंका. कागदावर या कामाला 'ट्रेनिंग' का म्हणतात? मी समजावलं, शिकलेलं हाताखालून जावं म्हणून सरकार थोडे दिवस काम करू देतं. सहा महिने, पुन्हा सहा, पुन्हा सहा. मग परत जायचं.

"इकडे शिकना, तिकडे शिकना, आते आखो शिकी ऱ्हायना," आप्पा म्हणाले. "बैलले बी दोन मोसममा औत समजस."

कमल आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज तेवढा थांबला.

*

दुसऱ्या सहा महिन्यांचा अर्ज अडकला. आता अडकलेली परवानगी कशी सोडवायची हे आप्पांना कुणी शिकवायला नको होतं. सिमेंटच्या परमिटसाठी त्यांनी वावर तारण लिहून दिलं होतं आणि नंदुरबारच्या इतक्या खेपा घातल्या होत्या की कचेरीतला कुत्राही शेपूट हलवायचा. त्यांचं म्हणणं, ऑफिस म्हणजे ऑफिस. शिफारस जोडा, शिक्का मारा.

मी इंग्रजीतून शिफारस लिहिली. मुलगा चांगल्या घरचा आहे, बागायत आहे, पोलीस केस नाही. तरी पान थोडं रिकामं राहिलं. रिकामं पान मला शोभेना, म्हणून आणखी लिहिलं: घरी तरुण पत्नी वाट पाहत आहे, सबब तो नक्की परत येईल. खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का.

मुरलीधरनं कळवलं की तिथला अधिकारी हेच शोधत होता. पोरगा परत जाणार की इथेच चिकटणार? पत्र वाचलं आणि परवानगी दिली.

आपला शिक्का अमेरिकेत चालतो म्हणून आप्पा आठवडाभर छाती काढून हिंडले. मीही हिंडले.

कमलनं मला विहिरीवर गाठलं. "बाई, त्यामा मन्हं नाव टाकं का?"

नाव नाही, नुसतं पत्नी लिहिलं, असं मी सांगितलं.

"बरं करं," ती म्हणाली. "सिमेंटले वावर तारण, याले मी." आणि घागर उचलून चालू लागली.

*

मग तिनंच मला मुरलीधरला एक पत्र लिहायला लावलं. लिहिता तिलाही येत होतं, सातवी फायनल होती. पण बाईंच्या अक्षरात वजन पडेल असं तिला वाटलं. मजकूर एवढाच: तुम्ही येईपर्यंत धुळ्याला ट्रेनिंगला जाऊ का, मास्तरीण होईन.

उत्तराला चार महिने लागले. "तूर्त थांब. सहा महिन्यांनी बघू."

पत्र तिनं घडी घालून कुंकवाच्या डबीखाली ठेवलं.

*

तिसऱ्या सहा महिन्यांचे कागद आप्पांकडे गेले. एव्हाना आप्पा वाचत नसत, नुसते शिक्का मारत. ओट्यावर बसून सहा कागदांवर सही-शिक्का झाला. सहावा ट्रेनिंग कॉलेजचा होता. पालकाची संमती.

तो गठ्ठ्यात कुणी सरकवला? मी नाही. मी फक्त शाईची पेटी धरली होती.

कमलला धुळ्याहून बोलावणं आलं तेव्हा उलगडा झाला. आप्पांनी दोन दिवस शिक्का कुलपात ठेवला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "शिक्का मन्हा शे, बाई. आते नही कसं म्हनू?" आणि तिची ट्रंक स्वतः गाडीत ठेवली.

*

तिकडे तिसरे सहा महिनेही संपले. मुरलीधरनं आणखी एक कोर्स धरला, मग कायम राहण्याचा अर्ज केला. मी शपथेवर परत आणलेला माणूस! इकडे कमल पास झाली आणि तिला सातपुड्यातल्या धडगावची शाळा मिळाली. सगळे म्हणाले, घाट चढून जायचं, पोरांची बोली कळत नाही, महिन्यात परत येईल. ती पोरांकडूनच त्यांची पावरी बोली शिकली.

दोन वर्षांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. मुरलीधर येतोय. कमलनं राजीनामा देऊन त्याआधी घरी हजर राहावं.

आप्पांनी ते पत्र तिला स्वतः द्यायची हिंमत केली नाही. मला दिलं. मी मिळेल त्या ट्रकनं घाट चढले, दोनदा ओकले, आणि शाळेच्या अंगणात ते तिच्या हातावर ठेवलं.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. हातातली पाटी तपासून पोरीला परत दिली. मग दुसरी घेतली.

मला राहवेना. म्हटलं, "अगं, येतोय तो. सात वर्षांनी. काय कळवू?"

कमलनं पाटीवरची एक बेरीज दुरुस्त केली.

"अर्ज धाडा म्हना, बाई. सरपंचना शिक्का जोयजे. सहा महिनानी देखसूत."