खारावलेला चौक

तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण नणंद कायम तिच्याबरोबर असे आणि दिवसभर तिचा 'वहिनी, वहिनी' असा जप चाले. वीस वर्षं वहिनीने गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहिली. तो गवंडी म्हणजे तिचा नवराच. परांचीवरून पडून त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला, तेव्हा खाटेवर बसून त्याने तिला थापी धरायला शिकवलं. घराची मागची भिंत तिने सोळा वेळा लिंपली आणि सोळा वेळा खरवडली. सतराव्यांदा तो म्हणाला, "आता बाहेर जायला हरकत नाही."

बाहेर मात्र बाईच्या हातात थापी बघून लोक हसत. कामं मिळत ती मोरीची, नाहीतर कुंपणाची.

मग समुद्राकाठच्या एका जुन्या घरातून निरोप आला. तिथे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, दोघंच राहत. मधोमध उघडा चौक, भोवती खोल्या, आणि समोरच्या दारातून थेट समुद्र. खोल्यांच्या भिंतींना कमरेपर्यंत पोपडे सुटले होते. दरवर्षी नवा गिलावा व्हायचा आणि दरवर्षी गळून पडायचा.

वहिनीने भिंतीला तळवा लावून पाहिला. मग वाकून चौकातलं सिमेंट ठोकलं.

"हे कधी केलंत?"

"सहा वर्षं झाली. पायाला माती नको म्हणून," मास्तर म्हणाले.

"आधी हे उखडायला लागेल."

सिमेंट राहिलं बाजूला, मास्तरच उखडले. "तुम्हाला गिलाव्याला बोलावलंय, घर खणायला नाही!"

"जमिनीतली ओल आधी चौकातून वर निघून जायची. तुम्ही तिची वाट बंद केलीत, म्हणून ती भिंतीत शिरली. काटा आत ठेवून वरून मलम लावलं तर काय उपयोग?"

मास्तरांनी दार दाखवलं. रस्त्यावर येताच नणंद करवादली, "हातातोंडाशी आलेलं काम घालवलंस. गप्प लिंपून मोकळ्या झालो असतो."

"आणि पुढच्या वर्षी पडलं की नाव कुणाचं जाईल?"

पंधरा दिवसांनी मास्तरांची बायकोच घरी आली. "त्यांचं राहू दे. रोज सकाळी माझ्या अंथरुणात निम्मी भिंत असते. या, पण आधी एकच कोपरा उघडा."

नणंद-भावजयींनी पहारीने कोपरा उघडला. खाली जुन्या दगडी फरश्या निघाल्या, सांध्यात नुसती वाळू, आणि पाणी गटाराकडे जाईल असा बेताचा उतार. मास्तर वर्तमानपत्र टाकून आले, उकिडवे बसले, बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिले. "उरलेलंही काढा," ते हळूच म्हणाले.

चार महिने भिंती उघड्याच ठेवल्या. त्यांच्यावर पांढरा खार फुलायचा, आणि दोघी दर आठवड्याला तो ब्रशने झाडायच्या. नणंद कंटाळली. वहिनीला तर रात्री झोप लागेना. आपलं चुकलं असेल तर? एकदा नवरा स्वतः आला. डाव्या हाताने भिंत चाचपून म्हणाला, "सुकतेय. घाई करू नकोस." त्या रात्री ती गाढ झोपली. भिंती कोरड्या झाल्यावर तिने चुन्याचा गिलावा केला.

वर्ष गेलं, पोपडा सुटला नाही. मास्तरांची बायको आता भिंतीला उशी टेकवून निवांत बसते. मास्तर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला चौक दाखवून सांगतात, "मला सिमेंटचा संशय पहिल्यापासूनच होता!"

नणंद भांडायला निघाली, तेव्हा वहिनीने तिला हाताला धरून थांबवलं. "सांगू देत की गं! त्यांच्या तोंडामुळेच या गल्लीतल्या तीन घरांची कामं आपल्याकडे आली."