डाव्या आरशाची पिन

रस्त्याकडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी दिसली की ती घटना आजही आठवते, आणि गाडी चालवत असेन तर पाय आपोआप ब्रेकवर जातो. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, बांधावरून सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. हा साधा अपघाताचा गुन्हा मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी निपाणी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आमच्याकडचे रस्ते उसाच्या मालकीचे होतात. ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणारी टिपरी शेजारून जाणाऱ्या गाड्यांना फटके देतात, पत्र्यावर ओरखडे काढतात, आरसे वाकडे करतात. त्याची तक्रार घेऊन ठाण्यात कोणी येत नाही. ‘ऊस लागला’ म्हणायचं आणि पुढं जायचं, ही इथली रीत. मीसुद्धा तसाच पुढं जायचो.

अशाच एका हंगामात, दिवस मावळायच्या सुमारास, सर्व्हिस रोडवर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या चाकाशी एक माणूस पडलेला सापडला. चाळिशीचा शेतकरी. ऊस त्याचा, ट्रॅक्टरही त्याचाच. चढाला ट्रॉली मागे सरकू नये म्हणून रस्त्याच्या बाजूच्या चाकाला दगड लावायला तो वाकला होता. कानशिलावर एकच घाव होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला. लवकर आणला असता तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. अशी वाक्यं डॉक्टरांनी मनातच ठेवावीत असं मला नेहमी वाटतं, कारण ती पुढे घरच्यांना आम्हाला सांगावी लागतात.

जागेचा पंचनामा केला. मुद्देमाल म्हणजे आरशाच्या काळ्या टोपीचे तुकडे, तुटकी वायर आणि बोटाच्या पेराएवढी एक पोलादी पिन. गावातल्या गॅरेजवाल्याला दाखवलं. आरसा जुन्या मोटारीचा, डाव्या बाजूचा, बटणावर हलणारा, असं त्याने ओळखलं. पिन मात्र कंपनीची नव्हती. ती कोणीतरी लेथवर कातून बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मयताची बायको दिरासोबत ठाण्यात आली. आमची कागदपत्रं कन्नडमध्ये, तिचं रडणं मराठीत. हवालदार जबाब समजावून सांगत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने मला एवढंच विचारलं, “सायेब, त्येनं बघितलं हुतं का? बघून निघून गेला का?” गाडीवाला सापडला की विचारून सांगतो, असा शब्द मी दिला. बाहेर तिच्या गावची चाळीसेक माणसं उभी होती आणि गाडी सापडली तर ती पेटवायची भाषा चालली होती.

चार-पाच दिवसांनी बेळगावातून खबर आली. खडेबाजारच्या आसपास जुने सुटे भाग विकणारा एक दुकानदार आमच्या ओळखीचा होता. एक गिऱ्हाईक त्याच मॉडेलचा डावा आरसा शोधत आलं होतं. तो भाग आता निघत नाही, असं सांगितल्यावर गिऱ्हाइकाने स्वतःचं नाव आणि फोन नंबर देऊन ठेवला होता, मिळाला तर कळवा म्हणून.

आम्ही बेळगावजवळ पिरनवाडीला त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. मोटार दारातच उभी, अंगावर धूळ तशीच. याला काही ठाऊकच नसावं, अशी मला तिथेच शंका आली. ज्याचं मन खातं तो माणूस सगळ्यात आधी गाडी धुतो.

गडी पन्नाशीचा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर फोरमन. कामात सुताचा फरक खपवून घेत नाही, असं शेजारी सांगत होते. ठाण्यात आणून मी आवाज चढवला, दरडावलं, मग गोडीत घेतलं. त्याचं एकच पालुपद, निपाणीहून पाहुण्यांचा साखरपुडा उरकून येताना ऊस लागला आणि आरसा गेला. गाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला वेगळं बसवून विचारलं, तर तिनेही तेच सांगितलं. दणका बसला तेव्हा तिने काय लागलं म्हणून विचारलं होतं, तो ‘ऊस’ म्हणाला होता. त्याने वेग कमी केला, मागे काय झालं ते बघायला डावीकडे नजर टाकली, तर तिथे आरसाच नव्हता, नुसती वायर लोंबत होती. मागून लॉरी हॉर्न देत होती. तो पुढे निघाला.

शेवटी मी कागदाची पुडी सोडून ती पिन टेबलावर ठेवली. खोटं बोलणारा माणूस टेबलावरच्या वस्तूला हात लावत नाही, हा माझा अनुभव. याने ती चटकन उचलली, अंगठा फिरवून बघितली आणि त्याचा चेहरा जरा उजळलाच.

“व्हय की, ही माझीच. मीच कातलीया. कुठं घावली?”

“मेलेल्या माणसाच्या शेजारी,” मी म्हणालो.

त्याने पिन खाली ठेवली. मी पाणी मागवलं, ते तसंच राहिलं.

मग त्याने सगळं सांगितलं. आरसा कित्येक वर्षं सैल होता. आतली स्प्रिंग मेली होती. कुठे टिपरू लागलं की आरसा आत वळायचा आणि त्यात नुसत्या गाडीच्याच काचा दिसायच्या. बायको खिडकीतून हात काढून तो सरळ करायची आणि चिडवायची, जगाची यंत्रं दुरुस्त करतासा आणि घरचा आरसा मान डोलावतोय. नवा भाग मिळेना. एका सुट्टीला त्याने पिन कातली आणि आरपार ठोकून आरसा पक्का केला. मग कितीही फटके बसोत, आरसा जागचा हलत नव्हता. बायकोने त्या दिवशी शिरा केला होता.

“सैल हुता तवा काय बी लागलं तर वळायचा, सायेब,” तो म्हणाला. “मीच त्येला हलू दिला न्हाय.”

गॅरेजवाल्यानेही पुढे जबाबात तेच सांगितलं. आरसा आदळला की मुडपावा म्हणूनच तसा केलेला असतो. हा मुडपला असता तर घाव कदाचित खरचटण्यावर निभावला असता.

कायद्याच्या लेखी ती हयगयच होती. अंतर राखलं नव्हतं, गाडी थांबवली नव्हती. मी गुन्हा तसाच नोंदवला, दोषारोपपत्र पाठवलं आणि त्याने कोर्टात पहिल्याच तारखेला कबुली दिली. वकिलाचंही त्याने ऐकलं नाही. तपास चोख झाला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला त्या शाबासकीचं काहीच वाटलं नाही.

प्रत्येक मढ्यामागे एक वाईट माणूस असतो आणि तो शोधून काढणं हे आपलं काम, असं धरून मी वर्षानुवर्षं वर्दी चढवली. या प्रकरणात मी माणूस शोधला आणि तो वाईट निघाला नाही. तो तसा निघाला असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं, हे मला त्या बाईकडे गेल्यावर कळलं.

दिलेल्या शब्दाप्रमाणे मी तिच्या गावी गेलो होतो. आपण हिला दिलासा द्यायला चाललोय, असंच माझ्या मनात होतं. तिने सोप्यात घोंगडं अंथरलं. मी पिनेपासून सगळं सांगितलं. त्याने बघितलं नव्हतं, त्याला ऊसच लागल्यासारखं वाटलं, आणि आता त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हेही सांगितलं.

“रोज रातच्याला त्येला शिव्या घालून मगच डोळा लागायचा, सायेब,” ती म्हणाली. “आता कुणाला घालू?”